डच भाषेतले लांबलचक शब्द: तोडायचे कुठे, जोर कुठे द्यायचा आणि फोन कुठे चुकतो?

समजा तुम्ही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नेदरलँड्सला पोहोचलात. फोनवर एक नोटिफिकेशन आलं. स्क्रीन अरुंद, शब्द लांब, त्यामुळे फक्त 'बतालिंग्स…' एवढंच दिसतंय आणि पुढे तीन टिंबं. 'बतालिंग' म्हणजे पैसे भरणं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. मग तुम्ही म्हणता, पैसे तर भरलेत, पावती आली असेल. आणि नोटिफिकेशन बाजूला सारता.

पण तो शब्द पुढे चार वेगवेगळ्या प्रकारे संपू शकतो:

- बतालिंग्सबव्हेस्टिखिंग: पैसे मिळाल्याची पोच
- बतालिंग्सहेरिनरिंग: पैसे भरायची आठवण
- बतालिंग्सआख्टरस्टान्ट: थकबाकी
- बतालिंग्सरेखलिंग: हप्त्यांनी पैसे भरायची व्यवस्था

पोच असेल तर काळजी नाही. पण आठवण किंवा थकबाकी असेल आणि तुम्ही दुर्लक्ष केलं, तर वर जादा पैसे भरावे लागू शकतात. म्हणजे सगळा अर्थ शब्दाच्या शेवटी होता, आणि फोनने नेमका शेवटच कापला.

डच भाषेत असे शब्द रोज भेटतात. ते बनतात कसे, त्यांचे सिलॅबल कुठे तुटतात, जोर कुठे पडतो आणि आपला फोन त्यांच्याशी काय करतो, हे या लेखात समजून घेऊया.

(एक सूचना: या लेखात डच शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. डचमधलं 'जी' हे अक्षर बहुतेक वेळा घशातून खरखरीत 'ख'सारखं येतं, म्हणून तिथे 'ख' वापरला आहे. 'हौस' म्हणजे घर. आपल्या हौसेमौजेशी त्याचा संबंध नाही.)

थोडक्यात सांगायचं तर

- डच जोडशब्द सहसा मध्ये जागा न सोडता, सलग लिहिला जातो.
- शेवटचा तुकडा म्हणजे मुख्य शब्द. अर्थ आणि लिंग तोच ठरवतो.
- मुख्य जोर मात्र बहुतेक वेळा पहिल्या तुकड्यावर असतो.
- ओळ तोडताना आधी जोडशब्दाचा सांधा बघायचा, मग सिलॅबल.
- फोनला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. त्यामुळे काही ठिकाणी तो हमखास गोंधळतो.

इतका लांब शब्द बनतो तरी कसा?

डच ही नेदरलँड्स, बेल्जियमचा फ्लांडर्स भाग आणि दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम इथली भाषा. दोन कोटींहून जास्त लोक ती बोलतात. ती जर्मन आणि इंग्रजीची जवळची नातेवाईक आहे. इंग्रजीतही नामांच्या माळा होतात, पण इंग्रजी बहुतेक वेळा मध्ये जागा सोडते. डच सोडत नाही. बस, फरक एवढाच.

साधी उदाहरणं बघा:

- झीकन (आजारी माणसं) + हौस (घर) = झीकनहौस, म्हणजे हॉस्पिटल
- हान्ट (हात) + स्खून (बूट) = हान्टस्खून, म्हणजे हातमोजा. हाताचा बूट!
- फीट्स (सायकल) + पाट (वाट) = फीट्सपाट, म्हणजे सायकलसाठीचा रस्ता
- हौस (घर) + आर्ट्स (डॉक्टर) = हौसआर्ट्स, म्हणजे आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर

आपल्याला हे नवीन नाही. शाळेत समास शिकलोच आहोत. राजवाडा, देवघर, पुरणपोळी, लिंबूपाणी हे सगळे असेच बनलेत. फरक असा की मराठीत तीन-चार नामं जोडायची वेळ आली की आपण 'चा, ची, चे' लावून मोकळे होतो. डच मात्र जोडतच जाते.

नेहमी दाखवला जाणारा एक शब्द म्हणजे 'किंडरकार्नाव्हाल्सऑपटॉख्टव्होरबरैडिंग्सवेर्कझामहेडन'. रोमन लिपीत याची ४९ अक्षरं होतात. अर्थ: मुलांच्या कार्निव्हल मिरवणुकीच्या तयारीची कामं. मराठी वाक्यांशात 'च्या', 'च्या' आणि 'ची' असे तीन जोड आले. डचमध्ये तेच काम नुसतं चिकटवून झालं. रोजच्या बोलण्यात कोणी हा शब्द वापरत नाही, पण व्याकरणाच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. असे शब्द कोणत्याही डिक्शनरीत संपूर्ण मावणार नाहीत, कारण कोणीही आज बसून नवा शब्द तयार करू शकतो. फोनची खरी अडचण इथूनच सुरू होते. तिच्याकडे पुढे येऊच.

शेवटचा तुकडा म्हणजे मालक

डच जोडशब्द उजवीकडून डावीकडे समजून घ्यायचा. शेवटचा तुकडा सांगतो 'ही वस्तू काय आहे', आणि आधीचे तुकडे सांगतात 'कसली'.

याचं सर्वात गोड उदाहरण:

- शोकोलाडमेल्क = चॉकलेट घातलेलं दूध (मेल्क म्हणजे दूध)
- मेल्कशोकोलाड = दूध घातलेलं चॉकलेट

तुकडे तेच, क्रम उलटा, आणि एक ग्लासातून प्यायचं तर दुसरं कागद सोडून खायचं!

लिंगही शेवटचा तुकडाच ठरवतो. डचमध्ये नामाच्या आधी 'द' किंवा 'हेट' लागतं. 'हौस'ला 'हेट' लागतं, 'आर्ट्स'ला 'द'. म्हणून 'हेट झीकनहौस', पण 'द हौसआर्ट्स'. आपल्याकडेही तसंच आहे. 'पाणी' नपुंसकलिंगी, 'पुरी' स्त्रीलिंगी, आणि आपण म्हणतो 'ती पाणीपुरी'. कोणी 'ते पाणीपुरी' म्हणालं तर लगेच कानाला खटकतं. हाच कान डचसाठी वापरायचा.

मधली सांध्याची अक्षरं

दोन तुकड्यांच्या मध्ये कधीकधी एखादं जादा अक्षर येतं. त्याला आपण इथे 'सांधा' म्हणू. मुख्य सांधे असे:

- 'एस': बतालिंग + एस + हेरिनरिंग
- 'ई-एन': पॅनकेकसाठीचा डच शब्द 'पानकूक'. पान म्हणजे तवा, कूक म्हणजे केक
- नुसता 'ई': कोनिंगिनदाख, म्हणजे राणीचा दिवस
- 'ई-आर': किंडरवाखन, म्हणजे बाबागाडी. मूळ शब्द 'किन्ट' म्हणजे मूल, वाखन म्हणजे गाडी

'पानकूक'ची गोष्ट मजेदार आहे. आधी त्याच्या मधे नुसता 'ई' लिहायचे. १९९५ च्या शुद्धलेखन सुधारणेत तिथे 'ई-एन' आलं. बोलताना मात्र हा 'न' बरेच जण उच्चारतच नाहीत. म्हणजे ऐकून लिहायला गेलात तर चुकाल.

'कोनिंगिनदाख'मध्ये मात्र 'ई-एन' नाही, नुसता 'ई', कारण देशाची राणी एकच! २०१३ मध्ये राणी बेआट्रिक्स यांच्यानंतर त्यांचा मुलगा राजा झाला आणि २०१४ पासून सणाचं नाव 'कोनिंग्सदाख', म्हणजे राजाचा दिवस असं झालं. सांधाही बदलून 'एस' झाला.

नवख्या वाचकासाठी सांधा म्हणजे खूण आहे. लांब शब्दाच्या मधे 'इंग' नंतर 'एस' दिसला, की बहुतेक वेळा तिथे एक तुकडा संपतो.

तुकड्याच्या आत काय असतं?

प्रत्येक तुकडा साधाच असतो असं नाही. त्यात उपसर्ग आणि प्रत्यय असू शकतात. हा शब्द बघा: 'आर्बैट्सऑनखस्खिक्टहैट्सफरझेकरिंग'. रोमन लिपीत ३३ अक्षरं, १० सिलॅबल. घाबरू नका, आपण फोडूया:

- आर्बैट = काम
- एस = सांधा
- ऑन + खस्खिक्ट + हैट = अ + समर्थ + ता
- एस = सांधा
- फरझेकरिंग = विमा

मधला तुकडा पुन्हा वाचा. डचमध्ये ऑन-खस्खिक्ट-हैट, मराठीत अ-समर्थ-ता. उपसर्ग, मधे विशेषण, शेवटी भाववाचक प्रत्यय. रचना तंतोतंत तीच! पूर्ण अर्थ: काम करण्यास असमर्थ झाल्यास मिळणारा विमा. आजारपण किंवा अपघातामुळे कमाई थांबली तर उपयोगी पडणारी ही गोष्ट आहे, त्यामुळे हा शब्द नुसती गंमत नाही, खऱ्या कागदपत्रांत भेटतो.

सिलॅबल कुठे तोडायचे?

सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. 'मराठी'मध्ये म-रा-ठी असे तीन. डचमध्ये सिलॅबलला फार महत्त्व आहे, कारण स्पेलिंग त्यावर अवलंबून असतं.

मूळ नियम दोनच:

१. दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या सिलॅबलमध्ये जातं. 'बो-मन' म्हणजे झाडं.
२. दोन व्यंजनं असतील तर एक अलीकडे, एक पलीकडे. 'बॉम-मन' म्हणजे बॉम्ब, अनेकवचनी.

लिहिताना या दोन शब्दांत फक्त एका 'एम'चा फरक आहे. एक 'एम' असेल तर आधीचा स्वर उघडा राहून लांब होतो, दोन असतील तर स्वर बंद होऊन आखूड होतो. मेसेज टाइप करताना एक अक्षर जास्त पडलं, की बागेतल्या झाडांचे बॉम्ब झाले!

पण जोडशब्दात या नियमांच्या वर एक मोठा नियम आहे: आधी सांधा, मग सिलॅबल. 'हौसआर्ट्स' पहिल्या नियमाने 'हौ-सार्ट्स' असा तुटला असता. पण ओळीच्या शेवटी तो 'हौस-आर्ट्स' असाच तोडायचा, कारण घर वेगळं आणि डॉक्टर वेगळा. 'हेरिनरिंग'मध्येही सुरुवातीचा 'हेर' हा उपसर्ग आहे, म्हणून तोडताना 'हेर-इन' असं होतं, 'हे-रिन' नाही.

उच्चारातही सांध्याची एक खूण मिळते. डचमध्ये शब्दाच्या शेवटी आलेला 'ड' किंवा 'द' हा 'ट'सारखा ऐकू येतो. 'हात' लिहिताना शेवटी 'डी' असतो, पण उच्चार 'हान्ट'. अनेकवचनात मात्र 'हान्दन'. जोडशब्दाच्या मधल्या तुकड्यालाही हेच लागू. संध्याकाळचं जेवण म्हणजे 'आव्हंट-एतन'. लिहिलेला 'डी' इथे 'ट' होतो. असा 'ट' ऐकू आला की समजायचं, तुकडा इथे संपला.

आणि व्यंजनांची रांग दिसली तर? 'आंगस्टस्ख्रेव' म्हणजे भीतीने फोडलेली किंकाळी. रोमन लिपीत यात सलग ८ व्यंजनं येतात! पण सांधा सापडला की शब्द लगेच सुटतो: आंगस्ट (भीती) + स्ख्रेव (किंकाळी).

जोर कुठे द्यायचा?

मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपण त्याकडे फार लक्ष देत नाही. डचमध्ये द्यावं लागतं.

जोडनामांचा नेहमीचा नियम: मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर, आणि त्या तुकड्यात जिथे मुळात जोर असतो तिथेच. 'झीकनहौस'मध्ये 'झी'वर. 'हौसआर्ट्स'मध्ये 'हौस'वर. 'शोकोलाडमेल्क'मध्ये 'ला'वर, कारण 'शोकोलाड' एकटा असतानाही जोर 'ला'वरच असतो. मागच्या तुकड्यावर हलकासा दुय्यम जोर राहतो.

म्हणजे अर्थाचा मालक शेवटी, पण आवाज मोठा पहिल्याचा. नवीन शिकणाऱ्यांची इथेच गडबड होते. ते शेवटच्या तुकड्यावर जोर देतात, आणि समोरच्याला दोन सुटे शब्द ऐकल्यासारखे वाटतात.

अपवादही आहेत. 'स्टाटहौस' म्हणजे नगरपालिकेची इमारत, इथे जोर 'हौस'वर. 'बुर्खमेस्टर' म्हणजे महापौर, इथे जोर 'मेस्'वर. असे शब्द ऐकूनच पाठ करायचे.

जोरामुळे अर्थ पूर्ण बदलतो त्याचं ठळक उदाहरण क्रियापदांत मिळतं: 'व्होरकोमन'. जोर 'व्होर'वर दिला तर 'घडणं', 'को'वर दिला तर 'घडू न देणं, टाळणं'. स्पेलिंग तेच! गोंधळ होईल असं वाटलं तर डचमध्ये जोराच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ देता येते.

एक स्पेलिंग, दोन शब्द

मराठी व्याकरणात 'सभंग श्लेष' असतो, आठवतंय? 'सुमने' म्हणजे फुलं, आणि तोडून 'सु-मने' म्हणजे चांगली मनं. डचमध्ये असे प्रकार आपोआप घडतात:

क्वार्टस्लाखन. 'क्वार्ट-स्लाखन' म्हणजे पाव वळसे (नॉब पाव वळसा फिरवतो तसे). 'क्वार्ट्स-लाखन' म्हणजे क्वार्ट्झ दगडाचे थर. मधला 'एस' अलीकडचा की पलीकडचा, एवढाच प्रश्न. लेख प्लंबिंगचा आहे की भूगर्भशास्त्राचा, यावर उत्तर अवलंबून.

मासाझबेट. 'मासाझ-बेट' म्हणजे मसाज करायचा पलंग, जोर 'सा'वर. पण तीच अक्षरं 'मासा-खबेट' अशी वाचली तर सामूहिक प्रार्थना. जोर पहिल्या 'मा'वर. शिवाय 'जी' या अक्षराचा उच्चारही 'झ'चा 'ख' होतो. दुसरा अर्थ रोज वापरात नाही, डच लोक तो गंमत म्हणून सांगतात. पण रचनेच्या नियमांत तो बसतो.

औट्य. 'औट-य' म्हणजे छोटीशी सहल, 'औ-त्य' म्हणजे छोटा कांदा. विकेंडला कुठला प्लॅन आहे ते संदर्भावरून ओळखायचं.

आता फोन काय करतो ते बघू

*१. ओळ तोडणं.* छोट्या स्क्रीनवर ३३ अक्षरांचा शब्द मावत नाही. मग ब्राउझर तो योग्य जागी हायफन देऊन तोडायचा प्रयत्न करतो. यामागची गाजलेली पद्धत फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८३ च्या आपल्या प्रबंधात मांडली. ते डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक' या टाइपसेटिंग प्रोग्रॅमसाठी काम करत होते. कल्पना सोपी आहे: अक्षरांचे छोटे नमुने घ्यायचे आणि अक्षरांच्या मधे आकडे ठेवायचे. विषम आकडा म्हणजे 'इथे तोडलं तर चालेल', सम म्हणजे 'इथे तोडू नको', आणि मोठा आकडा जिंकतो. इंग्रजीसाठी त्यांनी ४,४४७ नमुने तयार केले. डिक्शनरीतल्या शब्दांमधली ८९ टक्के तोडण्याची ठिकाणं त्यातून सापडायची. डचसह अनेक भाषांसाठी पुढे असे नमुने बनले.

पण ही पद्धत अक्षरं बघते, अर्थ नाही. 'क्वार्टस्लाखन' तिच्यासाठी एकच शब्द आहे, त्यामुळे ती दर वेळी एकाच जागी तोडणार.

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी दोन टिप्स. पान डचमध्ये आहे हे कोडमधल्या 'लँग' या गुणधर्मात सांगा, आणि सीएसएसमध्ये 'हायफन्स'ची किंमत 'ऑटो' ठेवा. भाषा सांगितली नाही तर ब्राउझरला कोणते नमुने वापरायचे तेच कळत नाही. एखादा महत्त्वाचा शब्द नेमका कुठे तुटावा हे ठरवायचं असेल तर 'सॉफ्ट हायफन' टाका. हे युनिकोडमधलं एक अदृश्य चिन्ह आहे. ओळ तिथे तुटली तरच दिसतं.

*२. कीबोर्ड आणि ऑटोकरेक्ट.* नवे जोडशब्द डिक्शनरीत नसतात, त्यामुळे कीबोर्ड त्यांच्याखाली लाल रेघ मारतो. शिवाय सुचवलेला शब्द निवडला की तो पुढे आपोआप जागा सोडतो. परिणाम: जोडशब्दाचे तुकडे सुटे होतात. यावर उपाय म्हणून काही स्पेलचेकरमध्ये 'हे तुकडे जोडले तर चालतील' असे नियमच लिहिलेले असतात. लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी सुरू केलेला 'हनस्पेल' हा त्यातला प्रसिद्ध प्रोग्रॅम. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स तोच वापरतात.

*३. भाषांतर आणि एआय.* एआय मॉडेल लांब शब्द छोट्या तुकड्यांत फोडून वाचतं. या तुकड्यांना टोकन म्हणतात. 'बाइट पेअर एन्कोडिंग' ही मूळची १९९४ ची, फाइल लहान करायची युक्ती. २०१६ मध्ये सेनरिच, हॅडो आणि बर्च या संशोधकांनी दुर्मिळ शब्दांच्या मशीन भाषांतरासाठी ती वापरून दाखवली. यात जास्त वेळा शेजारी येणारी अक्षरं एकत्र केली जातात. म्हणजे फोड होते ती वापराच्या संख्येवरून; ती शब्दाच्या खऱ्या सांध्यावर पडेलच असं नाही. पूर्ण वाक्य दिलं तर मॉडेल संदर्भावरून सावरून घेतं. नुसता एक शब्द टाकला तर चुकायची शक्यता वाढते.

*४. वाचून दाखवणं.* 'मासाझबेट'चे ओळ तोडताना होणारे तुकडे दोन्ही अर्थांत सारखेच आहेत. त्यामुळे हायफन बरोबर पडेल. पण आवाजात वाचायचं झालं तर 'झ' म्हणायचं की 'ख', आणि जोर कुठे, हे सांधा कळल्याशिवाय ठरत नाही. म्हणजे एक सॉफ्टवेअर पास आणि दुसरं नापास, तेही एकाच शब्दावर!

*५. शब्द कापणं.* आणि शेवटी तीच सुरुवातीची तीन टिंबं. जागा कमी पडली की नोटिफिकेशन शब्दाचा शेवट लपवतं. डचमध्ये मुख्य शब्द शेवटी असतो. त्यामुळे अर्धवट दिसणाऱ्या डच शब्दावरून कधीच अंदाज बांधू नका. उघडून शेवटपर्यंत वाचा.

एक जागा सोडली तर काय बिघडतं?

बरंच बिघडू शकतं. 'लांगआफस्टान्ट्सलोपर' सलग लिहिलं तर लांब अंतर धावणारा धावपटू. 'लांग' सुटं लिहिलं तर उंच असलेला, अंतराच्या शर्यतीतला धावपटू. आपल्याकडे 'जुना पुस्तकविक्रेता' म्हटलं की प्रश्न पडतो ना, पुस्तकं जुनी की विक्रेता? डचमध्ये हा प्रश्न एका जागेने सुटतो.

जोडशब्द चुकून सुटे लिहिण्याच्या सवयीला डच लोक 'एंगल्स झीक्त' म्हणतात, म्हणजे 'इंग्रजी रोग'. गंमत म्हणजे मुडदूस या हाडांच्या आजारालाही डचमध्ये हेच नाव आहे.

जागा नको, पण हायफन कधीकधी लागतो. दोन तुकड्यांचे स्वर एकमेकांना भिडून वाचताना गोंधळ होणार असेल तर मधे हायफन देतात. 'झे-एन्ट' म्हणजे समुद्री बदक. सलग लिहिलं असतं तर चार 'ई' एका रांगेत आले असते!

लांब शब्द स्वतः फोडायची पद्धत

एक शब्द घेऊन करूनच बघूया: 'झॉर्खफरझेकरिंग्समातस्खापै'. रोमन लिपीत २८ अक्षरं.

१. शेवटून सुरुवात करा. शेवटी ओळखीचा तुकडा कोणता? 'मातस्खापै' म्हणजे इथे कंपनी. तर ही एक कंपनी आहे.
२. सांधा शोधा. त्याच्या आधी 'इंग' आणि 'एस'. तुकडा इथे संपला.
३. उरलेला भाग फोडा. झॉर्ख (काळजी, आरोग्यसेवा) + फरझेकरिंग (विमा).
४. मराठीत उलगडा. 'चा, ची' लावून: आरोग्यसेवेच्या विम्याची कंपनी.
५. लिंग आणि जोर ठरवा. 'मातस्खापै'ला 'द' लागतं, म्हणून पूर्ण शब्दालाही 'द'. जोर पहिल्या 'झॉर्ख'वर. 'मातस्खापै' एकटा असताना जोर शेवटच्या 'पै'वर असतो, पण इथे तो दुय्यम होतो.
६. शंका असेल तर तपासा. डच भाषेच्या अधिकृत शब्दसूचीची 'वूर्डनलैस्ट' ही वेबसाइट मोफत आहे. तिथे शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा तेही दिलेलं असतं.

हा शब्द मुद्दाम निवडला आहे. नेदरलँड्समध्ये राहून काम करणाऱ्यांना आरोग्यविमा काढावा लागतो आणि त्यासाठी पोहोचल्यापासून ४ महिन्यांची मुदत असते. या विम्याचे पैसे, कार्ड, पत्रं, सगळ्यांची नावं 'झॉर्खफरझेकरिंग्स…' अशी सुरू होऊ शकतात. फरक फक्त शेवटात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डचमधला सर्वात लांब शब्द कोणता?*
याला पक्कं उत्तर नाही. शब्द जोडत जाता येतात, त्यामुळे कोणताही शब्द अजून लांब करता येतो.

*भाषांतर अ‍ॅपवर विश्वास ठेवू का?*
पूर्ण वाक्य किंवा पूर्ण परिच्छेद टाका, सुटा शब्द नको. विमा, भाडेकरार, कर अशा कागदांसाठी मुख्य शब्द वरच्या पद्धतीने स्वतः एकदा फोडून बघा. अ‍ॅपचा अर्थ आणि तुमचा अर्थ जुळला नाही तर विचारून घ्या.

*सिलॅबल आणि शब्दाचा तुकडा एकच का?*
नाही. 'फरझेकरिंग' हा अर्थाचा एक तुकडा आहे, पण त्यात चार सिलॅबल आहेत: फर-झे-क-रिंग. सिलॅबल कानासाठी, तुकडा अर्थासाठी.

*हे जर्मनला पण लागू होतं का?*
सलग लिहिणं, शेवटचा तुकडा मुख्य असणं आणि सांध्याची अक्षरं ही तत्त्वं जर्मनमध्येही आहेत. बारीक नियम मात्र वेगळे आहेत.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी असा आगगाडीसारखा शब्द समोर आला तर स्क्रोल करून पुढे जाऊ नका. शेवटचा डबा आधी बघा, मग एकेक जोड सोडवत पुढे या. आणि नोटिफिकेशनमध्ये तीन टिंबं दिसली, तर ते आधी उघडा!